पितळेचा गळा आणि पावसाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मित्रहो, आमच्या लहानपणी पावसाळा सरला की गल्लीत कल्हईवाले चाचा यायचे. खांद्यावर भाता, पिशवीत कथलाच्या कांड्या, कापसाचा बोळा आणि एका पुडीत नवसागर. चिंचेच्या झाडाखाली खड्डा खणून ते भट्टी पेटवायचे. मग घराघरांतून भांडी बाहेर यायची. आमच्या घरची तांब्याची देगची आणि शेजारच्या काकूंचं पितळी पातेलं एकाच भट्टीवर तापायचं. भांडं लाल होत आलं की चाचा चिमूटभर नवसागर टाकायचे. भसकन पांढरा धूर निघायचा, नाकाला झिणझिण्या यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. आम्ही पोरं लांब पळायचो आणि वास ओसरला की पुन्हा जवळ यायचो.

तो वास अमोनियाचा होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आणि त्याच अमोनियानं एकेकाळी ब्रिटिश फौजेच्या काडतुसांना आपल्या देशात तडे पाडले होते, हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली. मी कवितेत रमणारा माणूस. बंदूक मी कधी हातात घेतलेली नाही. पण या तड्यांची हकिकत वाचली आणि ती मनातून जाईना. आज तीच तुम्हाला सांगणार आहे.

काडतूस म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं आपण वाचतो. ती पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. तिच्या बुडाला ठिणगी देणारी छोटी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. रायफलीच्या पुंगळीचं पोट रुंद असतं आणि वर ती बाटलीसारखी निमुळती होते. तो निमुळता भाग म्हणजे तिचा गळा. या गळ्याचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि त्यानं गोळी घट्ट धरून ठेवायची असते. फार सैल धरली तर गोळी हलते, दारूत दमट हवा शिरते. फार आवळली तरी नेम बिघडतो. शिवाय बार उडताना गळ्यानं क्षणभर फुगून नळीच्या कोठीला चिकटायचं, वायू मागे येऊ द्यायचा नाही, आणि लगेच थोडं आक्रसून मोकळं व्हायचं. एवढं सगळं काम त्या पातळ पत्र्यावर सोपवलेलं असतं.

पण ही पितळी पुंगळी येण्याआधी काडतूस कागदाचं होतं. आणि कागदाच्या काडतुसाची गोष्ट आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको.

१८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमला एका खलाशानं एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितलं. शिपायानं विटाळाच्या भीतीनं नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, आता गायीची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसं तुम्हाला दातांनी तोडावी लागतील, मग जात कुठे राहणार? ही हकिकत त्या वेळच्या सरकारी कागदपत्रांत नोंदलेली आहे. नव्या एनफिल्ड रायफलीचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. तिचं टोक दातानं तोडायचं, दारू नळीत ओतायची आणि वंगण लावलेल्या कागदासकट गोळी आत ठासायची. ते वंगण कशाचं आहे, हे शिपायांना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

साहेबांना चूक उमगली नाही असं नाही. शिपायांनी मेण आणि तेल वापरून आपलं वंगण आपणच करावं, असा हुकूम निघाला. दाताऐवजी हातानं काडतूस फाडायची नवी कवायतही ठरली. पण तोवर विश्वास उडालेला होता. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपुढे नेमकी हीच नवी पद्धत दाखवायची होती. काडतुसंही जुनीच होती. तरी ८५ जणांनी ती हातात घेतली नाहीत. ९ मे रोजी त्यांना सगळ्या पलटणींसमोर बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटलं. गायीचं नाव एकाला लागलं, डुकराचं दुसऱ्याला. दोघांचं दुखणं एकाच कागदाच्या सुरळीत गुंडाळलेलं होतं. उठावाची कारणं पुष्कळ होती. राज्यं खालसा झाली होती, जमिनी गेल्या होत्या, पगार-भत्त्यांची गाऱ्हाणी होती. ताण आत वर्षानुवर्षं साठलेला होता. काडतूस हे निमित्त. हा शब्द, ‘ताण’, लक्षात ठेवा. पुढे पितळेच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

कागदाचं काडतूस मागे पडलं ते मात्र वेगळ्या कारणानं. नळीच्या तोंडातून गोळी ठासायला वेळ लागे. मागून काडतूस भरायची बंदूक हवी होती आणि तशा बंदुकीला मागून वायू अडवणारं धातूचं कवच लागतं. १८६६ साली ब्रिटिश फौजेनं जुन्या एनफिल्डला मागे झडप बसवून स्नायडर रायफल केली. तिच्यासाठी वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी नवं काडतूस तयार केलं. ते आजच्यासारखं अखंड पितळेचं नव्हतं. पितळेचा पातळ पत्रा कागदासारखा गुंडाळून त्याची नळी केलेली असे आणि बुडाला लोखंडी चकती. कागदाची सवय सुटायला वेळ लागतो, तसं ते होतं.

इथे आपलं पुणं या गोष्टीत येतं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि तिथे इंग्रजांची छावणी वसली. त्यानंतर ५२ वर्षांनी, १८६९ साली, त्याच खडकीत दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पुण्याच्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा तिथल्या भोंग्यावर घड्याळ लावत आले. त्यात देवपूजा करून निघणारे होते, तशी फजरची नमाज पढून निघणारेही होते.

१८५७ नंतर एक गोष्ट सरकारनं मनाशी पक्की केली होती. देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची. गोऱ्यांना १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा आपल्या शिपायांच्या खांद्यावर स्नायडर होती. काडतूस बदललं, पण कागदी काडतुसानं तुटलेला विश्वास जुळला नव्हता.

मार्टिनी-हेन्रीचं काडतूस बाटलीसारखं होतं. गळा तिथे आला. पण कवच अजून गुंडाळलेल्या पत्र्याचंच. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानच्या वाळवंटात अबू क्लीआच्या लढाईत त्याची किंमत कळली. नळ्या तापल्या, धूळ बसली, गुंडाळलेली पुंगळी आत चिकटून बसे आणि ओढायला गेलं की बुडाची चकती तेवढी हाती येई. समोरून भाले घेतलेले लोक धावून येताहेत आणि शिपाई चाकूनं पुंगळी उकरतोय, अशी पाळी आली. त्यानंतर अखंड पितळेची, ओढून बनवलेली पुंगळी ब्रिटिश फौजेत रूढ झाली.

ओढून बनवलेली म्हणजे कशी? हे समजून घ्यायला पुण्याच्या तांबट आळीत जावं. तिथे सकाळपासून हातोड्यांचा ठोका ऐकू येतो. तांबट तांब्याचा सपाट पत्रा घेतो आणि ठोकून ठोकून त्याचा हंडा करतो. पण तो सलग ठोकत नाही. काही वेळ ठोकलं की पत्रा कडक होतो, हातोडी उसळायला लागते. तेव्हा तो पत्रा भट्टीत घालतो, लाल करतो आणि गार करून पुन्हा ठोकायला घेतो. याला ताव देणं म्हणतात. ताव दिला की धातू पुन्हा मऊ होतो. ताव न देता ठोकत राहिलं तर पत्रा एका क्षणी फाटतो. शेवटी भांडं तयार झालं की मठारकाम करतात. अंगभर हलक्या ठोक्यांच्या टिकल्या उठवतात. त्यानं भांड्याला शोभा येते आणि पत्रा हवा तेवढा टणकही होतो.

लोहाराचं आणि तांबटाचं यात मोठं अंतर आहे. लोहार विळा लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा लोखंड कडक होतं. आपण म्हणतो, विळ्याला पाणी दिलं. तांबं किंवा पितळ लाल करून पाण्यात बुडवलं तरी ते मऊच राहतं. ज्याला हे ठाऊक नाही, तो पितळेशी लोखंडासारखा वागेल आणि फसेल.

पुंगळीही अशीच बनते. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेची चकती घेतात. दाबयंत्रानं तिची वाटी करतात. ती वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा दाबून लांब करत नेतात. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये ताव देतात. शेवटी वरचं टोक साच्यात दाबून गळा काढतात. हे सगळं धातू गार असताना होतं. ज्याला आपण गार धातूवरचं काम म्हणू, त्यात एक खोड असते. धातूचा आकार बदलतो, पण धातूच्या पोटात ओढाताण उरते. बाहेरून पुंगळी शांत, चकचकीत दिसते. आतला एक थर दुसऱ्या थराला ओढत असतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही.

१८८८ साली ब्रिटिश फौजेत ली-मेटफर्ड रायफल आली. तिचं काडतूस .३०३, म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटर तोंडाचं. आपल्याकडे पोलिसांच्या हातात ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिसली, ती या काडतुसाचीच वंशज. सुरुवातीला तिच्यात काळी दारू होती. मग कॉर्डाइट आलं. हे १८८९ साली ॲबेल आणि ड्यूअर या दोन शास्त्रज्ञांनी शोधलेलं, बिनधुराचं. कॉर्डाइट म्हणजे भुकटी नव्हे. शेवयांसारख्या लांब काड्या असत. एका काडतुसात तशा साठ काड्यांची जुडी जाई. आता ही जुडी अरुंद गळ्यातून आत घालणार कशी? म्हणून कारखान्यात युक्ती केली. आधी सरळ नळीसारख्या पुंगळीत जुडी ठेवायची आणि मग गळा दाबून काढायचा. युक्ती चांगली होती, पण तिच्यात एक अडचण दडलेली होती. गळा काढून झाल्यावर त्याला ताव देता येत नव्हता. पोटात कॉर्डाइट असलेल्या पुंगळीला आगीजवळ कोण नेणार? म्हणजे सगळ्यात जास्त आवळलेला भाग तसाच, ताण पोटात घेऊन, गोळीला मिठी मारून बसे.

आणि मग पावसाळा आला.

हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळ्यात मोहिमा थंडावत. रस्ते चिखलाचे, नद्या भरलेल्या. काडतुसांच्या पेट्या कोरड्या जागी ठेवायच्या म्हणून ज्या जागा मिळत त्यांत घोड्यांचे तबेलेही होते. वर पक्कं छप्पर, खाली फरसबंदी, जागा मोकळी. ऑक्टोबरात ऊन पडलं, पेट्या उघडल्या, तर अनेक काडतुसांच्या गळ्याला तडे. नेमके तिथे, जिथे पितळेनं गोळीला आवळून धरलं आहे. कुणी त्यांना हात लावला नव्हता, बार उडवला नव्हता, पेट्या पडल्या-आदळल्याही नव्हत्या. नुसती ठेवलेली काडतुसं आपोआप चिरली होती.

शिपायाच्या दृष्टीनं ही लहान गोष्ट नव्हती. तडा गेलेलं काडतूस ऐन वेळी दगा देतं. गोळी सैल होते, दमट हवेनं दारू बिघडते, बार उडताना वायू भलतीकडून निघतो. सरहद्दीवरच्या चौकीत ज्याच्याजवळ मोजकी काडतुसं आहेत, त्याला हा तडा म्हणजे जिवाचा प्रश्न.

इंग्रजीत या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. आपण ‘मोसमी तडे’ म्हणू. नाव पडलं, पण कारण कळलं नव्हतं. पितळ हिणकस असेल, साचा खराब असेल, उष्णतेनं झालं असेल, असं वाटणं साहजिक होतं. पण पितळ तेच, साचा तोच, आणि एका कोठारातली काडतुसं धड, तर दुसऱ्यातली चिरलेली. नुसता दमटपणा म्हणावा, तर पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता.

हे कोडं सुटलं १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन ब्रिटिश संशोधकांनी पितळेच्या या तड्यांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलं की गुन्हेगार एकटा नाही. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, जस्ताचं भरपूर प्रमाण असलेलं पितळ. दुसरी, त्याच्या पोटात गार कामामुळे राहिलेला ताण. तिसरी, दमट हवेत मिसळलेला अमोनिया. घोड्याच्या मुतातला युरिया कुजला की अमोनिया तयार होतो. पावसाळ्यात तबेला बंद, हवा कोंदट, पितळेवर दमटपणाचा पातळ थर. त्यात अमोनिया विरघळतो. तांब्याची आणि अमोनियाची जुनी ओढ. अमोनियाच्या पाण्यात तांबं ठेवलं तर पाणी हळूहळू गर्द निळं होतं, हे शाळेच्या प्रयोगशाळेत पुष्कळांनी पाहिलं असेल. अमोनिया पितळेच्या कणाकणांमधल्या सांध्यांत शिरतो. तिथे आधीच ओढाताण चाललेली. सांधा उकलतो, तडा पुढे सरकतो, नव्या उघड्या जागी अमोनिया पुन्हा शिरतो.

यातली कुठलीही एक गोष्ट काढून घ्या, तडा जात नाही. ताण नसलेलं पितळ त्याच तबेल्यात ठेवलं तर ते काळं-निळं पडेल, पण असं चिरणार नाही. आणि ताण असलेलं पितळ स्वच्छ कोरड्या हवेत वर्षानुवर्षं धड राहील.

मला या ठिकाणी नेहमी तबेल्यातला मोतद्दार आठवतो. पहाटे दार उघडताना ज्याचे डोळे रोज चुरचुरत, तो. पावसाळ्यात तबेल्याची हवा कशी तिखट होते, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? आणि कल्हईवाल्याला माहीत होतं की नवसागराचा धूर तांब्या-पितळेवर लगेच चालतो, म्हणून तर तो भांडं त्यानं साफ करतो. तांबटाला माहीत होतं की ठोकलेल्या पत्र्याला ताव दिला नाही तर तो फाटतो. तिघांजवळ कोड्याचा एकेक तुकडा होता. हे तीन तुकडे एकत्र ठेवायचं काम मात्र प्रयोगशाळेनं केलं. त्याचं श्रेय त्या संशोधकांना द्यायलाच हवं. कारण नुसतं माहीत असणं वेगळं आणि मोजून, पारखून सिद्ध करणं वेगळं.

उपाय निघाला तोही तांबटाच्या ओळखीचा. ताव. मात्र लाल होईपर्यंत नव्हे. पितळ साधारण अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवलं की पोटातली ओढाताण सैल पडते आणि टणकपणा बहुतेक तसाच राहतो. पुंगळीच्या गळ्याला तर ज्योतीवर थोडा जास्त ताव देतात, म्हणजे तो भाग मऊ होतो. त्यासाठी गळा आधी काढून, ताव देऊन, मग दारू भरावी लागते. दाणेदार दारू आल्यावर ते सोपं झालं. दाणे अरुंद गळ्यातूनही ओतता येतात. आजही फौजी काडतूस पाहिलं तर गळ्यावर निळसर-तपकिरी झाक दिसते. बघणाऱ्याला तो डाग वाटतो. तो ताव दिल्याचा पुरावा असतो आणि मुद्दाम ठेवलेला असतो. पितळेच्या पोटात ताण उरला आहे का, हे पाहायला पाऱ्याच्या एका क्षाराचं द्रावणही वापरत. त्यात ताण असलेली वस्तू बुडवली की काही मिनिटांतच तिला तडे जातात. वर्षाचं दुखणं मिनिटांत उघडं पडतं.

हे सगळं फौजेपुरतं राहिलं असतं. पण अमेरिकेत पुंगळ्या पुन्हा भरायचा छंद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात गव्यांच्या मागे मैदानं तुडवणारे शिकारी रिकामी पुंगळी फेकत नसत. रात्री शेकोटीपाशी बसून ती पुन्हा भरत. १८८४ साली जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली आणि सांडशीसारखं एक हत्यार विकायला आणलं. त्यात टोपी बसवायची, गळा आवळायचा, गोळी बसवायची सोय असे. यात एक गंमत आहे. आपण मघाशी ज्यांचं नाव घेतलं त्या इंग्रज बॉक्सर यांच्या नावाची टोपी अमेरिकेत रुजली, आणि अमेरिकन हायरम बर्डन यांच्या नावाची टोपी युरोपात. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं. वरून सळई घातली की जुनी टोपी सहज निघते. म्हणून अमेरिकेत हा घरगुती उद्योग वाढला.

हे छंदिष्ट लोक आजही त्याच गळ्याशी झगडत असतात. त्यांच्या तक्रारी वाचल्या तर आपली सगळी गोष्ट पुन्हा समोर उभी राहते. एक म्हणतो, गळा साच्यात आवळला तरी गोळी सैल बसते. कारण? पुंगळी अनेकदा उडाली, अनेकदा आवळली, पितळ कडक झालं. आता ते साच्यातून बाहेर येताच उसळून मागे जातं. उपाय, ताव. दुसरा म्हणतो, गळ्याला उभी चीर पडली. कारण तेच. आणि चिरलेल्या पुंगळीला उपाय नाही, ती टाकून द्यायची. तिसरा म्हणतो, मी फक्त गळाच आवळतो, पोटाला हात लावत नाही, तरी काही वारांनंतर पुंगळी कोठीत अडकते. कारण पोट आणि खांदाही दर बाराला थोडे थोडे फुगत आलेले असतात. कधीतरी सगळी पुंगळी साच्यातून काढावी लागते. चौथ्याचा गळा वाकडा होतो. गळ्याच्या आतून बाहेर येणारा सळईचा गोळा कोरडा ओढला, किंवा पत्राच एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. पाचव्यानं वंगण जास्त लावलं, तर खांद्याला पोचा पडला. तेल दाबलं जात नाही, पितळ मात्र दबतं.

ताव देताना मात्र एक पथ्य असतं. गळा मऊ हवा, बूड टणकच राहिलं पाहिजे. बूड मऊ झालं तर बाराचा सगळा जोर सोसायला काही उरत नाही आणि रायफल धरणाऱ्याच्या तोंडावर बेततं. म्हणून जुने लोक परातीत पाणी घालून त्यात पुंगळ्या उभ्या करत, वरचा गळा ज्योतीनं तापवत आणि मग तिला पाण्यात आडवी पाडत. बूड पाण्यात थंड, गळा तापलेला. आणि आणखी एक पथ्य. पुंगळ्या चकचकीत करायला अमोनियाचं द्रावण वापरून त्यात त्या भिजत ठेवायच्या नाहीत. शंभर वर्षांपूर्वी तबेल्यानं शिकवलेला धडा हा असा जपला जातो.

आपल्याकडे, हे सांगायला हवं, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे हे ऐकून कुणी घरी काही करायला जाऊ नये. आपल्याकडचं हे काम कारखान्यांत होतं. जुनं आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ पासून बरखास्त झालं आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. १८६९ पासून चालत आलेली ती वास्तू अजून कामात आहे.

मित्रहो, लोक मला विचारतात, तुम्ही कवी, तुम्हाला काडतुसाच्या गळ्याचं काय? मी त्यांना सांगतो, मला काडतुसाचं नाही, तड्याचं पडलंय. तडा गेला की आपण लगेच एक दोषी शोधतो. कुणी म्हणतं पितळच खोटं, कुणी म्हणतं हवाच वाईट. त्या तिघा संशोधकांनी दाखवलं की एकटी हवा तडा पाडत नाही आणि एकटा ताणही नाही. आत साठलेली ओढाताण आणि बाहेरची कोंदट हवा एकत्र आली की सांधा उकलतो. मेरठला तेच झालं. आपल्या गावांत, आपल्या गल्ल्यांत अधूनमधून जे होतं, त्याची हकिकतही फार वेगळी नसते. हवा बदलणं आपल्या हातात नेहमीच नसतं. वर्तमानपत्रं, अफवा, निवडणुका, कुठून कुठला धूर येईल सांगता येत नाही. पण आतला ताण वेळीच ओळखून सैल करणं, एवढं तर करता येतं. १८५७ साली ते कुणी केलं नाही. शिपायांना जवळ बसवून, हे वंगण कशाचं आहे, तुम्हाला काय वाटतं, एवढं वेळेवर कुणी विचारलं असतं तर पुढचं काय झालं असतं, कोण जाणे.

आमच्या गल्लीत आता कल्हईवाले येत नाहीत. स्टीलची भांडी आली, कल्हईची गरज संपली. चिंचेचं झाडही रस्तारुंदीत गेलं. शेजारच्या काकूंचं ते पितळी पातेलं मात्र त्यांच्या सुनेनं जपून ठेवलंय. मागे एकदा त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिनं ते काढून दाखवलं. आतली कल्हई उडालेली, बाहेर ठोक्यांच्या टिकल्या तशाच. मी बोटानं काठ चाचपला. पन्नासएक वर्षांचं पातेलं, पण कुठेही तडा नाही. किती वेळा भट्टीत बसून आलं होतं ते, आमच्या देगचीच्या शेजारी.